भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायका, पक्की घरं आणि मुंबईतले बेघर : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या बेघर लोकांचा विषय निघाला की ठरलेले दहा-पंधरा प्रश्न येतातच, मग ते लग्नाच्या पंगतीत असो, ऑफिसात असो नाहीतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये. दर वेळी तेच तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. यातलं बरंचसं भायखळ्याबद्दल आहे, कारण तिथल्या फुटपाथवरच्या बायकांनी आणि त्यांच्या साथीदारांनी पक्क्या घरांपर्यंत जो पल्ला गाठला तेवढा मुंबईत दुसऱ्या कुणी गाठल्याचं मला तरी दिसत नाही.

हे लोक नक्की कोण? एखादी संस्था आहे का?

एक नाही, तीन आहेत, आणि तिघांची मिळून युती. पहिली स्पार्क, १९८४ ला सुरू झालेली संस्था, शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. भायखळ्याला म्युनिसिपालटीच्या दवाखान्यामागं एक गॅरेजवजा जागा होती, तिथून यांचं काम सुरू झालं. दुसरी नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन, म्हणजे झोपडपट्टीवाल्यांची स्वतःची संघटना, जॉकिन अर्पुथम यांची. जॉकिन चेंबूरच्या जनता कॉलनीतले. ती अख्खी कॉलनी १९७६ ला उठवून चीता कँपला नेली तेव्हा ते त्या लढ्यात पुढं होते, कोर्टकचेरी, मोर्चे, सगळं करून बसलेले. त्यांना २००० साली मॅगसेसे मिळालं, २०१८ ला गेले. आणि तिसरी महिला मिलन, जी खरी या गोष्टीची नायिका, म्हणजे भायखळा, नागपाड्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांचे बचत गट.

संस्थेतली शिकलेली माणसं, झोपडपट्टीतले पुढारी आणि फुटपाथवरच्या बायका, असे तिघं एकत्र आले आणि तीसेक वर्षं एकत्र राहिले. आपल्याकडच्या संघटना दोन निवडणुकांत फुटतात हे पाहता मला यातलं सगळ्यात नवल याचंच वाटतं.

फुटपाथवर राहणारे म्हणजे भिकारीच ना शेवटी?

नाही हो. हा प्रश्न पहिला येतो म्हणून उत्तरही एकदाच नीट देते. भायखळा, नागपाडा, डॉकयार्ड या पट्ट्यात फुटपाथवर राहणारे बहुतेक सगळे काम करणारे. गोदामात हमाली, हातगाडी ओढणं, फळं-भाजी विकणं, भंगार, बांधकामावरची मजुरी, आणि बायकांकडं घरकाम. कामाची जागा चालत गाठता यावी म्हणूनच तिथं राहायचं, कारण ट्रेनचा पास काढून लांबून यायला जी मजुरी लागते ती यांच्या हातात पडतच नाही. सुप्रीम कोर्टानंसुद्धा १९८५ च्या निकालात हेच मान्य केलंय की ही माणसं तिथं राहतात कारण त्यांचं छोटंमोठं काम त्या शहरात आहे.

आणि फुटपाथवर राहणं स्वस्त असतं हाही एक गैरसमज. नळ नाही म्हणजे पाणी शेजारच्या बिल्डिंगमधून मागून नाहीतर विकत. संडासाला दर वेळी पैसे. आंघोळीला वेगळे. पाऊस आला की दर वर्षी नवी ताडपत्री, नवे बांबू. आपण फ्लॅटमध्ये राहून पाण्याचं बिल जेवढं भरतो त्याच्या तुलनेत यांना एक हंडा कितीला पडतो याचा हिशोब कधी करून बघा.

मग गावाला परत का जात नाहीत?

पाठवून बघितलंय की सरकारनं. १९८१ च्या जुलैमध्ये, ऐन पावसात, तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवाल्यांना उठवून गावी पाठवायचा आदेश काढला. झोपड्या तोडल्या, माणसं बसमध्ये घातली. त्यातला एक मजूर तमिळनाडूतल्या सेलमचा, जमीन नाही, दुष्काळाला कंटाळून १९६१ ला मुंबईत आलेला. २३ जुलैला त्याची झोपडी तोडली आणि त्याला सेलमच्या बसमध्ये बसवलं. बायको-मुली तिकडं राहिल्या आणि हा कामाच्या शोधात परत मुंबईला आला, परत फुटपाथवर. हे मी रचून सांगत नाहीये, सुप्रीम कोर्टाच्या निकालात लिहिलंय, तो स्वतः अर्जदार होता.

गावात काम असतं तर बहात्तरच्या दुष्काळात आपल्या मराठवाड्यातली, नगरकडची माणसं तरी मुंबईला का आली असती.

१९८५ च्या निकालात काय झालं? जिंकले का हरले?

दोन्ही. आणि हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळत नाही म्हणून जरा सविस्तर.

बस भरून पाठवणं सुरू झाल्यावर ओल्गा टेलिस नावाच्या पत्रकार, काही फुटपाथवासी आणि इतर असे कोर्टात गेले. पाच न्यायमूर्तींचं खंडपीठ, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, निकाल १० जुलै १९८५ चा. त्यात कोर्ट म्हणालं की जगण्याच्या हक्कात, म्हणजे घटनेच्या कलम २१ मध्ये, पोट भरायच्या साधनाचा हक्कही येतो, कारण ते साधनच काढून घेतलं तर माणूस जगेल कसा. आजही कायद्याच्या कॉलेजात हे वाक्य शिकवतात आणि सगळे माना डोलावतात.

पण त्याच निकालात पुढं असंही आहे की फुटपाथ चालण्यासाठी आहे, तिथं कायमचं राहायचा हक्क कुणाला नाही, नोटीस देऊन म्युनिसिपालटी हटवू शकते. ज्यांची १९७६ च्या मोजणीत नोंद आहे त्यांना मालवणीला जागा द्यावी, पण ती दिल्याशिवाय हटवता येणार नाही असं मात्र नाही. पावसाळा संपेपर्यंत म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत हात लावू नका, बस. म्हणजे पुस्तकात जिंकले आणि रस्त्यावर हातात साडेतीन महिन्यांची मुदत आली.

आता खरी गंमत अशी की १९७६ ला झोपडपट्ट्या मोजल्या गेल्या तेव्हा फुटपाथवरचे बहुतेक लोक त्यात आलेच नव्हते. नोंद नाही, म्हणून सरकारी ओळखपत्राचं कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून पर्यायी जागा नाही. वीस-वीस वर्षं एकाच फुटपाथवर काढलेली माणसं सरकारी कागदावर मुळात अस्तित्वातच नव्हती.

मग बायकांनी काय केलं?

निकालानंतर मोर्चे काढू, तोडायला आले की आडवे पडू असं म्हणणारे बरेच होते. बायका नको म्हणाल्या. मारामारी झाली की पोरं आणि भांडी आमचीच जाणार, आम्हाला भांडण नको, आमचं म्हणणं कुणीतरी बसून ऐका, असा त्यांचा सूर होता. काही लोकांना हे तेव्हा अगदी मवाळ वाटलं, आजही वाटतं, त्यावर खाली लिहिलंय.

त्यांनी पहिलं काम केलं ते मोजणीचं. सरकारनं मोजलं नाही ना, मग आपण मोजू. १९८५ ला भायखळ्याच्या म्हणजे ई वॉर्डच्या फुटपाथवरच्या आणि काही मोठ्या रस्त्यांवरच्या सहा हजारांच्या आसपास कुटुंबांची, सत्तावीस हजारांच्या घरात माणसांची मोजणी झाली. कुठून आलात, कधी आलात, काय काम करता, किती कमावता, किती वेळा झोपडी तुटली. मोजणाऱ्यांत तिथलीच माणसं होती, त्यामुळं घाबरून खोटं सांगायचं कारण नव्हतं. त्यातून पहिल्यांदा आकड्यानिशी दिसलं की ही कायमची वस्ती आहे, लोक काम करतात, आणि येणारे बहुतेक गरीब, दुष्काळी, पुराच्या भागातून येतात.

मोजणीचा दुसरा फायदा जास्त मोठा. घरोघरी जाऊन विचारता विचारता या गल्लीतली बाई त्या गल्लीतल्या बाईला ओळखायला लागली, आणि त्या ओळखीतून १९८६ ला महिला मिलन उभं राहिलं. नंतर हीच पद्धत, स्वतःची मोजणी स्वतः करायची, ही मंडळी जिथं जिथं गेली तिथं घेऊन गेली, अगदी दक्षिण आफ्रिकेपर्यंत. १९९६ ला तिकडच्या झोपडपट्टीवाल्यांबरोबर मिळून आंतरराष्ट्रीय संघटनाच झाली.

तोडायची गाडी आली की काय करायच्या? परत परत तुटत असेल ना?

तुटतच होतं. म्युनिसिपालटीची गाडी यायची, झोपडी पाडायची आणि सामान गाडीत टाकून न्यायची. बांबू-प्लास्टिक गेल्याचं दुःख नव्हतं, ते परत मिळतं. पण त्यात स्टो, पातेली, पांघरुणं, पोराचं दप्तर आणि कुठंतरी पिशवीत ठेवलेलं रेशनकार्ड जायचं, आणि ते गेलं की आपण इथं राहतो याचा एकमेव पुरावा गेला.

मग बायकांनी यावर असा तोडगा काढला की अधिकाऱ्यांशी आधीच बोलून ठेवायचं, तुम्हाला तोडायचंय ना, आम्हीच काढतो, सामानाला हात लावू नका. गाडी यायच्या आत बांबू सोडायचे, प्लास्टिक घडी करायचं, भांडीकुंडी एका बाजूला रचायची, फुटपाथ मोकळा. साहेबाच्या रजिस्टरला कारवाई झाल्याची नोंद, फोटो वगैरे. गाडी गेली की संध्याकाळी परत बांबू उभे. ऐकायला हा शरणागतीचा प्रकार वाटतो, पण सामान वाचलं, पोलिसांचा मार वाचला, आणि हळूहळू वॉर्ड ऑफिसातल्या माणसाला या बायका नावानं माहीत झाल्या. पुढं रेशनकार्डाच्या कामाला हीच ओळख उपयोगी पडली, कारण तिथंही पहिला प्रश्न हाच असायचा, पत्ता काय?

रोज दोन-पाच रुपये वाचवून मुंबईत घर होतं का?

होत नाही. तसं कुणी म्हणालेलंही नाही. रोजच्या बचतीचा उद्देशच वेगळा होता.

दर थोड्या घरांमागं एक बाई रोज फिरायची, ज्याला जे जमेल ते द्यायचं, रुपया असो नाहीतर दहा. बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं म्हणून हिशोबाला वहीऐवजी रंगीत कागदाचे तुकडे. प्रत्येकीची एक प्लास्टिकची पिशवी, आणि अमुक रंग म्हणजे अमुक रुपये. पैसे भरले की त्या रंगाचा तुकडा आपल्या पिशवीत. पिशवी उघडून बघितली की किती जमले ते कुणीही सांगू शकतं, आणि कुणी फसवूही शकत नाही, कारण रंग सगळ्यांनाच कळतो. मी बँकेत पासबुक भरून घ्यायला रांगेत उभी असते तेव्हा मला हमखास या पिशव्या आठवतात, खरं सांगते.

या पैशातून अडीनडीला कर्ज मिळायचं, नवरा आजारी पडला, पोलिसांनी उचललं, गावाला जायचंय, सामान गेलं. सावकाराकडं जायची वेळ कमी झाली. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे गोळा करणारी बाई रोज दारात यायची, दार नसलेल्या घराच्या दारात. त्यामुळं कुणाचा पोरगा तापलाय, कुणाला मारहाण झाली, कोण गाव सोडून गेलं, सगळं कळायचं. पुढं घरं द्यायची वेळ आली तेव्हा कोण खरंच इथं राहतं आणि कोण यादीत घुसतंय हे या बायकांइतकं कुठल्याही अधिकाऱ्याला माहीत नव्हतं. घरासाठीची बचत वेगळी, ती नंतर सुरू झाली, आणि तिचा उपयोग बँकेला आणि सरकारला दाखवायला जास्त झाला की बघा, या बायका वर्षानुवर्षं पैसे भरतात, बुडवत नाहीत.

साडीनं घर मोजल्याची गोष्ट खरी आहे का?

खरी. घर कसं हवं असं विचारलं तर चौरस फूट वगैरे भाषा कुणाला येत नव्हती, पण साडी किती लांब हे प्रत्येकीला माहीत. मग साड्या जमिनीवर पसरून खोली केवढी, मोरी कुठं, चूल कुठं हे ठरलं. बसनं शहरभर फिरून म्हाडाच्या वसाहती बघून आल्या, रिकाम्या जागा बघून आल्या, विकास आराखड्यात गरिबांच्या घरांसाठी राखून ठेवलेल्या जमिनी कुठं आहेत आणि तिथं प्रत्यक्षात काय उभं राहिलंय तेही बघून आल्या. आर्किटेक्टला बरोबर घेतलं पण निर्णय आपले.

त्यातून निघालं ते असं की खोली लहान चालेल पण उंची चौदा फूट हवी, म्हणजे आत माळा घालता येतो, पोरं वर झोपतील, खाली काम करता येईल. आणि संडास घरात नको, बाहेर चार घरांत मिळून असला तर साफ राहतो, असं पुष्कळ जणींचं म्हणणं होतं, ज्यावर शहरी मंडळी हमखास नाक मुरडतात. दीडशे-पावणेदोनशे फुटांच्या खोलीत संडास आणि चूल शेजारी शेजारी येते हे ज्यांना रोज राहायचंय त्यांना लगेच कळतं. मग कापड-लाकडाचं पूर्ण मापाचं घर उभारून प्रदर्शन भरवलं, सरकारी लोकांना बोलावलं, आत फिरवलं.

बरं, शेवटी घरं मिळाली का नाही?

मिळाली, पण केव्हा ते बघा. १९८५ ला मोजणी, १९८६-८७ ला घराचं मॉडेल. १९९५ ला शिवसेना-भाजपचं सरकार आलं, चाळीस लाख लोकांना फुकट घरांची घोषणा झाली, एसआरए म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आलं, आणि त्यात १ जानेवारी १९९५ पूर्वीपासून राहणाऱ्यांत फुटपाथवासीही पात्र धरले गेले. सरकारी कागदावर फुटपाथवाल्याचा घरावर दावा मान्य झाला तो इथं, दहा वर्षांनी. त्यानंतर जमीन, मंजुऱ्या, फायली, कंत्राटदार. मानखुर्दला मिलन नगर उभं राहिलं आणि भायखळ्याच्या फुटपाथवरची कुटुंबं तिथं राहायला गेली ती २००० नंतरच्या दशकात. मॉडेलच्या घरात शिरताना ज्यांच्या कडेवर पोर होतं त्यांना खऱ्या घरात शिरताना सुना आल्या होत्या. आणि सगळ्यांना घरं मिळाली असंही नाही, आजही त्या भागातल्या रस्त्यांवरून जा, झोपड्या दिसतील.

म्हणून कुणी पाच वर्षांत बेघरमुक्त शहर वगैरे म्हणालं की मी आधी विचारते, तुमच्याकडं नावांची यादी आहे का, आणि ती कुणी केली.

रेल्वेलाईनच्या झोपड्या हलवल्या त्याच्याशी यांचा काय संबंध?

थेट संबंध. लोकलच्या रुळांना खेटून हजारो झोपड्या होत्या, अगदी हातभर अंतरावर, त्यामुळं गाड्या हळू चालवाव्या लागायच्या आणि माणसं मरायची ती वेगळीच. जागतिक बँकेच्या पैशातून लोकलची सुधारणा करायची ठरली, त्यात ही अट आली की आधी लोकांचं नीट पुनर्वसन करा. ते काम या युतीकडं आलं, कारण रुळांशेजारच्या वस्त्यांची मोजणी, पन्नास-पन्नास कुटुंबांच्या सोसायट्या, त्यांच्या बायकांचे गट हे सगळं आधीच तयार होतं. अठरा हजारांच्या आसपास कुटुंबं होती, त्यातली दहा हजारांहून जास्त थोड्याच काळात हलली, पोलिसांच्या लाठ्यांशिवाय, आपली झोपडी आपणच मोडून. मधेच २००० च्या फेब्रुवारीत हार्बर लाईनला मानखुर्दकडं ठरलेलं असूनही झोपड्या पाडल्या तेव्हा मात्र याच मवाळ लोकांनी गाड्या अडवल्या होत्या, हेही सांगायला हवं.

फुकट घर दिलं की विकतात आणि परत फुटपाथवर येतात, हे खरं ना?

काही जण विकतात. आपल्यातले काही जण म्हाडाच्या लॉटरीचं घर विकतात तेव्हा आपण त्याला गुंतवणूक म्हणतो.

पण का विकतात ते बघा. मानखुर्दचं लल्लूभाई कंपाऊंड, गोवंडीचं नटवर पारेख कंपाऊंड, चेंबूरचा वाशी नाका, या पुनर्वसनाच्या वसाहती एकदा जाऊन बघाच. सात मजली इमारती एकमेकींना इतक्या चिकटून की खालच्या मजल्यावर दुपारी बारा वाजता ट्यूबलाईट लावावी लागते. टीबीचं प्रमाण तिथं जास्त असल्याचं पाहणीत आलंय. लिफ्ट बंद पडली की दुरुस्तीला वर्गणी काढायची, आणि जी बाई भायखळ्यात चालत चार घरची कामं करायची तिला आता बस-ट्रेन करून तिथंच यायचंय, दोन कामं सुटतात, वर मेंटेनन्स आणि लाईटबिल. महिन्याचा हिशोब बसला नाही की घर जातं. विकणाऱ्याला शिव्या घालणं सोपं आहे, इमारतीत हवा येत नाही असा नकाशा कुणी पास केला ते विचारणं अवघड.

या युतीवर टीकाही झालीय ना?

झालीय, आणि सगळी खोटी नाही. सरकार आणि जागतिक बँकेच्या इतकं जवळ गेलात की विरोध करायची ताकद गेली, असं बरेच कार्यकर्ते म्हणतात. २००४ ला रस्त्यांच्या प्रकल्पातल्या विस्थापितांनी, त्यात दुकानदारही होते, पुनर्वसनाबद्दल थेट जागतिक बँकेच्या तपासणी पॅनेलकडं तक्रार केली होती. शिवाय जो माणूस फेडरेशनमध्ये नाही त्याचं काय, त्याचं नाव यादीत येणार का, हा प्रश्न असतोच जिथं यादी लोकांच्या हातात असते तिथं. माझं स्वतःचं मत असं की बोलणी करणारे आणि भांडणारे दोघंही लागतात, आणि भायखळ्याच्या बायकांनी बोलणी निवडली ती घाबरून नव्हे, तुटलेल्या सामानाचा हिशोब करून. पण मी त्या फुटपाथवर राहिले नाहीये, तेव्हा माझ्या मताला तेवढंच वजन द्या.

मुंबईत बेघर किती?

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री मोजले, एका रात्रीत. देशात १७ लाख ७० हजारांच्या वर, महाराष्ट्रात २ लाख १० हजारांच्या आसपास, मुंबईत ५७ हजारांवर. एका रात्रीत पुलाखाली, फलाटावर, देवळाच्या पायरीवर, हातगाडीवर झोपलेली माणसं कितपत सापडत असतील हे तुम्हीच ठरवा. रात्रपाळीचा हमाल त्या वेळी कामावर असतो. त्याच जनगणनेत मुंबईत पावणेपाच लाखांच्या आसपास घरं रिकामी निघाली होती, कुलूप लावून ठेवलेली.

एवढी माणसं रस्त्यावर आहेत तर रात्रनिवारे का नाहीत?

असायला हवेत, कायद्यानं. सुप्रीम कोर्टानं २०१० ला, दिल्लीतल्या थंडीत बेघरांचे हाल झाल्यावर, सांगितलं की मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागं एक चोवीस तास चालणारा निवारा हवा. २०१३ ला केंद्राची शहरी उपजीविका योजना आली, त्यात शहरी बेघरांसाठी निवारा हा वेगळा भाग, माणशी निदान पन्नास चौरस फूट, पाणी, संडास, स्वयंपाकाची सोय, आणि बायका, कुटुंबं, म्हातारी माणसं यांच्यासाठी वेगळी व्यवस्था. २०१७ ला कोर्टाच्याच समितीनं, न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या, राज्यांचा कारभार बघून ताशेरे ओढले. मुंबईच्या लोकसंख्येला सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. त्याच्या जवळपासही आपण नाही.

कारणं नेहमीचीच. जागा नाही म्हणतात. जागा निघाली की शेजारची सोसायटी पत्र देते की आमच्या मुलीबाळींना धोका. आणि निवारा झालाच तर बहुतेक वेळा एकट्या पुरुषांचा, म्हणजे नवरा एकीकडं, बायको-पोरं दुसरीकडं, मग ते कुटुंब म्हणतं राहू दे, आमचा फुटपाथ बरा.

सिग्नलला गजरे विकणारी पोरं, टाटा हॉस्पिटलबाहेर झोपलेली माणसं, हे सगळे एकच का?

अजिबात नाही, आणि सगळ्यांना एकच औषध देऊ नका. परळला टाटा आणि केईएमच्या बाहेर झोपणाऱ्याचं गावाकडं घर असतं, त्याला केमो संपेपर्यंत दोन-तीन महिने पडायला जागा हवी, एसआरएचं घर देऊन त्याला काय करायचंय. सिग्नलला गजरे-खेळणी विकणाऱ्यांत पारधी कुटुंबं बरीच, त्यांच्यामागं इंग्रजांच्या काळापासूनचा गुन्हेगार जमातीचा शिक्का लागलाय, १९५२ ला कायदा गेला पण पोलिसाची नजर कुठं गेली. तिसरे ते ज्यांना घरच्यांनी काढलं किंवा जे मनानं आजारी आहेत. त्यांना आधी डॉक्टर लागतो, मग बाकीचं. वर १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून आहेच, दिल्लीत तो हायकोर्टानं २०१८ ला बराचसा रद्द केला.

अमेरिकेत ह्यूस्टननं बेघरपणा अर्धा केला म्हणतात, आपल्याकडं का जमत नाही?

तिकडं राहणारे आपले लोक हे हमखास सांगतात, आणि खरंय ते. तिथं शंभरावर संस्था, महापालिका आणि काउंटी २०१२ च्या सुमारास एकत्र आल्या, सगळ्यांची मिळून एकच यादी, आणि आधी भाड्याचं घर मग बाकीचे उपचार अशी पद्धत. २०११ ला साडेआठ हजारांच्या आसपास बेघर होते ते हल्ली सव्वातीन हजारांच्या आसपास. पण ह्यूस्टनला भाड्याचे फ्लॅट मुबलक आणि त्यामानानं स्वस्त आहेत, सरकार भाडं भरतं. इकडं भायखळ्यात डिपॉझिट आणि अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट आपल्यालाच परवडत नाही. एक यादी ठेवणं मात्र आपल्याला फुकटात जमेल, आणि भायखळ्याच्या बायकांनी ते सत्तावीस वर्षं आधी करून दाखवलंय.

कागदपत्रं नसतील तर काय करता येतं?

बरंच काही, फक्त माहीत असावं लागतं. मतदार यादीत नाव घालायला बेघर माणसाकडं पत्त्याचा पुरावा मागता येत नाही, फॉर्म ६ भरायचा, मग तो माणूस खरंच तिथं झोपतो का हे बघायला बीएलओनं, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्यानं, रात्री येऊन पाहायचं असतं. आधारसाठी मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या अधीक्षकाचं प्रमाणपत्र चालतं. पोराच्या जन्माचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४. शाळेत गेल्यावर हेडबाईंनी नाही म्हटलं तर हा कलमाचा आकडा तेवढा सांगा, सूर बदलतो.

मी काय करू? ब्लँकेट वाटू का?

मुंबईत ब्लँकेट कशाला, इथं थंडी आठ दिवस. द्यायचंच असेल तर मे महिन्याच्या शेवटी चांगली जाड ताडपत्री द्या, आणि कागद ठेवायला चेन असलेली प्लास्टिकची पिशवी, तिचा उपयोग वर्षभर होतो. एकटं मूल संकटात दिसलं तर १०९८. रस्त्यावर कुणी आजारी पडलं असेल तर १०८ ची ॲम्ब्युलन्स बोलवा आणि ती येईपर्यंत थांबा, कारण सोबत कुणी नसलं तर हॉस्पिटलात दाखल करून घ्यायला टाळाटाळ होते. आणि तुमच्या सोसायटीच्या शेजारी निवारा होणार असं कळलं आणि सेक्रेटरी विरोधाच्या पत्रावर सह्या गोळा करायला आले, तर तेवढी सही करू नका.